गिरण्या बुडाल्या, पण चादर बुडाली का?

‘गिरण्या बंद पडल्या आणि सोलापूरचं कापड संपलं’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. अर्धंच खरं आहे. १८७७ची जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. हजारोंची नोकरी गेली, ते दुःख खरंच.

पण सोलापुरी चादर या मोठ्या गिरण्यांवर अवलंबून नव्हतीच. ती पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांची. तेलंगणातून आलेली ही मंडळी आधी हातमागावर, मग यंत्रमागावर बसली. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड हे नक्षीचं यंत्र असतं. त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, भोकांप्रमाणे ताण्याचे, म्हणजे लांबीच्या दिशेचे, धागे उचलले जातात आणि नक्षी उमटते.

आज तर चादरीपेक्षा टॉवेलच जोरात. त्याला ताण्याचे दोन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेले रूळ, लागतात: एक घट्ट, दुसरा सैल. सैल धाग्याचे फासे वर येतात, तेच पाणी शोषतात. हा माल अक्कलकोट रोड एमआयडीसीतून परदेशीही जातो. चादर आणि टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. सूत महागलं की कारखानदार रडकुंडीला येतात, आणि कामगाराची मजुरी अजूनही नगावरच.