पूर्वीचा समज सांगताना इंग्रजीतील काळ

एखाद्याला पूर्वी काय वाटत होते हे सांगताना इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळात असले की गौणवाक्यातले क्रियापदही सहसा भूतकाळात जाते. मराठीत ते मूळ काळातच राहते. ‘मला वाटलं तू पुण्यात आहेस’ याचे इंग्रजी ‘आय थॉट यू वेअर इन पुणे’ असे होते. तिथे ‘आर’ घालणे ही मराठी भाषकांची नेहमीची चूक.

रूप ठरते ते समजाच्या क्षणावरून. ऑक्टोबर १४९२ मध्ये बहामा बेटांवर उतरलेला कोलंबस घ्या. आपण आशियात आहोत असे त्याला वाटले: ‘ही थॉट ही वॉज इन एशिया’. आपण आशियाला पोहोचलो, म्हणजे पोहोचणे आधी आणि वाटणे नंतर: ‘ही हॅड रीच्ड एशिया’. निघण्यापूर्वी मात्र आपण पोहोचू असे वाटत होते: ‘ही वुड रीच एशिया’. ‘कॅन’चे ‘कुड’ आणि ‘मे’चे ‘माइट’ होते. ‘शुड’ तसाच राहतो.

‘त्रिकालाबाधित सत्य असेल तर काळ बदलू नये’ हा शाळेतला नियम अर्धाच खरा आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे कोपर्निकस मानत होता, हे सांगताना ‘मूव्ह्ज’ चालते, तसे ‘मूव्ह्ड’ही पूर्ण शुद्ध आहे. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो हे प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीचे मत सांगताना मात्र ‘वेन्ट’च हवे; ‘गोज’ लिहिले तर लिहिणाऱ्यालाही ते मान्य आहे असा अर्थ निघू शकतो. ‘डिस्कव्हर्ड’, ‘रिअलाइज्ड’ यांच्यानंतर खरी गोष्टच येते, म्हणून तिथे वर्तमानकाळ सहज बसतो. ‘थॉट’, ‘बिलीव्ह्ड’ यांच्यामागे शंका असेल तेव्हा भूतकाळ घ्यावा.

‘वाटत होतं’ दिसले की ‘वॉज थिंकिंग दॅट’ लिहिण्याचा मोह होतो. मत सांगायचे असेल तर साधे ‘थॉट’ हवे. ‘वॉज बिलीव्हिंग’, ‘वॉज नोइंग’ तर इंग्रजीत खटकतातच. सवयीच्या ‘वाटायचं’ला ‘यूज्ड टु थिंक’ नेमके बसते.

उलट दिशेची चूक अनुवादात दिसते. ‘शी थॉट ही वॉज इल’चे ‘तिला वाटलं, तो आजारी होता’ असे केले, तर मराठी वाचकाला त्याचे आजारपण आधीच सरलेले वाटते. इथे ‘तिला वाटलं, तो आजारी आहे’ असेच लिहावे.