पाळणा वर थांबतो तेव्हा

कोल्हापुरात पोटात गोळा आणायला फार लांब जावं लागत नाही. गगनबावड्याच्या वाटेवर गाडी एखाद्या उंचवट्यावरून जोरात पलीकडे उतरली की मागच्या सीटवरून 'आई गं' ऐकू येतंच. मळ्यातल्या विहिरीत पहिला मुटका मारताना पोराचे पाय काठाला चिकटून बसतात. आणि गावोगावच्या म्हाई-उरुसात आकाशपाळण्याची ती एक जागा असतेच: वर चढेपर्यंत खालच्यांना हात करणारी माणसं माथ्यावरून पलीकडे कलंडली की दांडी गच्च धरतात.

या सगळ्याचं टोक म्हणजे ड्रॉप टॉवर. उभा खांब, त्याच्याभोवती खुर्च्या, खांद्यावरून छातीवर येणारा हार्नेस. खुर्च्या सावकाश वर जातात, थांबतात आणि सुटतात. खोपोलीजवळच्या इमॅजिकात असा टॉवर आहे, आणि त्याची बुटकी भावंडं आता जत्रांतही दिसू लागली आहेत. अशा पाळण्याच्या रांगेत उभं राहून माणसं बघणं हा खेळ पाळण्याइतकाच मजेचा. "काय मर्दा, घाम फुटला काय?" असं कुणी तरी विचारतं आणि "घाम कसला, ऊन किती हाय बघ की" असं उत्तर येतं, सूर्य मावळून तास झालेला असला तरी. तालमीत दहा जणांना लोळवणारा, मोडलेल्या कानांचा पैलवान गडी हार्नेस खाली आला की दोन्ही मुठींनी तो असा धरतो की बोटांची पेरं पांढरी पडतात. शेजारी बसलेली नववीतली पोरगी मात्र पाय हलवत गाणं गुणगुणत असते.

घाबरतो तो कच्च्या दिलाचा, अशी रांगेतली समजूत. पण घाबरणाऱ्याचं शरीर त्या वेळी एकही खोटी बातमी देत नसतं. त्याची मोजमापं अचूक असतात. ते धोका मोजत नाही, इतकंच.

आधी पडण्याकडेच बघू. विहिरीत पाणी पाच मीटर खाली असेल तर मुटका मारल्यापासून पाण्यावर आपटेपर्यंत एकच सेकंद लागतो, आणि तेवढ्यात वेग ताशी ३६ किलोमीटरवर गेलेला असतो. समजा टॉवर ४० मीटरचा आहे आणि त्यातले २५ मीटर खुर्च्या मोकळ्या पडतात. त्याला लागतात सव्वादोन सेकंद, आणि वेग होतो ताशी ८० किलोमीटर. उरलेल्या १५ मीटरमध्ये ब्रेक लागतो तेव्हा ६० किलोच्या माणसाला आपण १६० किलोचे झालो असं वाटतं. गंमत अशी की शरीरावर खरा भार येतो तो या शेवटच्या टप्प्यात, पण भीतीनं गारठलेल्या कुणालाही विचारा, ब्रेकबद्दल तो अवाक्षर काढणार नाही. तो बोलतो ते सुटण्याच्या क्षणाबद्दल, म्हणजे शरीरावरचा सगळा भार नाहीसा होतो त्या क्षणाबद्दल.

१९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत बसल्या बसल्या आइन्स्टाइनच्या मनात आलं, की मोकळा पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवणार नाही. आपल्या आयुष्यातला हा सर्वांत सुखाचा विचार, असं त्यानं पुढे म्हटलं. व्यापक सापेक्षता सिद्धांताची सुरुवात तिथून झाली. टॉवरच्या टोकावरून सुटलेल्या माणसाला या विचारात सुख दिसत नाही, पण त्याच्या खरेपणाबद्दल शंकाही उरत नाही.

खुर्ची, आपण, आपलं जठर, खिशात विसरलेली चिल्लर, सगळं त्या वेळी एकाच वेगानं खाली येत असतं. मग पोटातलं सगळं वर आल्यासारखं का वाटतं? कारण जठर, यकृत, आतडी पोटात ठोकून बसवलेली नसतात. पडद्यांनी आणि बंधांनी ती पाठीमागच्या भिंतीला आणि वरच्या श्वासपटलाला धरून लोंबत असतात, आणि वजनामुळे ते पडदे आणि बंध सतत थोडे ताणलेले असतात. आधार गेला, वजन शून्य झालं, की ताण सुटतो आणि हे अवयव जरासे वर सरकतात. सरकणं किरकोळ असतं, पण आतल्या मज्जातंतूंना ते लगेच कळतं. तोच गोळा.

यासाठी पूर्ण वजन जायलाही लागत नाही. आठ मीटर त्रिज्येचा आकाशपाळणा दहा सेकंदांत एक फेरी घेत असेल तर माथ्यावर आपलं वजन जवळजवळ एक तृतीयांशानं घटतं आणि तळाशी तितकंच वाढतं. म्हणून माथ्यावरून कलंडताना कसंसं होतं आणि खाली आल्यावर बूड फळीला चिकटल्यासारखं वाटतं. ड्रॉप टॉवर हीच घट सावकाश न देता एका झटक्यात देतो, आणि पूर्ण देतो.

पोटाच्या आधी ही बातमी कानाला लागलेली असते. अंतर्कर्णात ऐकण्याच्या यंत्रणेशेजारी दोन इवल्या पिशव्या आहेत, युट्रिकल आणि सॅक्यूल. त्यांच्यात लिबलिबित थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक बसलेले असतात, जेलीवर साखर भुरभुरावी तसे. थराखाली केसासारखे तंतू असलेल्या पेशी असतात. डोकं कललं किंवा वेग बदलला की स्फटिकांच्या वजनानं थर सरकतो, तंतू वाकतात आणि मेंदूला निरोप जातो. यातली सॅक्यूल मुख्यतः उभ्या दिशेची दखल घेते. 'खाली' म्हणजे कुठं, हे ती जन्मापासून, झोपेतसुद्धा, सांगत आलेली असते. टॉवरवरून सुटताच तिचा हा निरोप बंद पडतो. मेंदूच्या लेखी याचा अर्थ एकच: आधार गेला.

त्यावर उत्तर द्यायला आपल्याला शिकावं लागत नाही. तान्ह्या बाळाचं डोकं धरलेल्या हातातून जरा खाली झालं तर ते दोन्ही हात फाकवतं, मग कुणाला तरी कवटाळावं तसे जवळ घेतं आणि रडतं. हायडेलबर्गचे बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी १९१८ मध्ये याचं वर्णन केलं आणि आजही नवजात बाळाची मज्जासंस्था ठीक आहे का हे बघताना डॉक्टर ही मोरो प्रतिक्रिया तपासतात. चार-सहा महिन्यांत ती मावळते. पैलवान गड्याच्या मुठी बघितल्या की पूर्ण मावळते का, असा चावट प्रश्न मनात येतो.

आता वरचा थांबा. मला विचाराल तर ड्रॉप टॉवरची सगळी कारागिरी तिथं आहे. पडणं तर गुरुत्वाकर्षण फुकटात करून देतं. खुर्च्या वर जाताना एकेक आधार काढून घेतला जातो. तळपाय लोंबकळतात, म्हणजे जमीन आहे हे सांगणारा तळव्यांवरचा दाब गेला. जमिनीवर उभं असताना जवळपासच्या भिंती, झाडं यांच्या हालचालीवरून डोळे आपला तोल पक्का करतात. वर गेल्यावर जवळ काहीच नसतं, आणि दूरचं सगळं जागच्या जागी दिसतं. मग खुर्च्या थांबतात. कधी सुटणार ते मुद्दाम कळू देत नाहीत. येणाऱ्या धक्क्यापेक्षा तो केव्हा येणार हे न कळणं माणसाला जास्त पोखरतं. मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे भीतीची घंटा वाजवणाऱ्या भागाची, हाक मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचते, ॲड्रिनलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, तळवे घामेजतात. निरोगी माणसांना रोलर कोस्टरवर बसवून जर्मनीत हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा सरासरी दीडशेच्या घरात गेली होती. बसल्या जागी, एकही पायरी न चढता.

वाट बघणं खरोखरच वाईट असतं, याचा एक मजेदार पुरावा नेदरलँड्समधून आला. सायमन रिटफेल्ड आणि इल्या व्हॅन बीस्ट यांनी दम्याचा त्रास असलेल्या तरुणींना रोलर कोस्टरवर बसवलं. फेरीआधी, म्हणजे फुप्फुसं तुलनेनं बरी चालत असताना, त्यांना धाप जास्त जाणवली. फेरी संपल्यावर फुप्फुसांची ताकद मोजमापात घटलेली होती, तरी धाप कमी वाटत होती. या कामाला २०१० साली इग नोबेल मिळालं, ते आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी असतं.

खाली उतरलेला घाबरट माणूस हमखास सांगतो, "बराच वेळ पडतच होतो." तेही खोटं नसतं. २००७ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी डॅलसच्या एका करमणूक उद्यानात स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून पाठमोरं, दोरीबिरी न बांधता, खालच्या जाळ्यात सोडलं. पडायला अडीच सेकंद लागायचे. नंतर प्रत्येकाला विचारलं, दुसरा पडला तो वेळ किती आणि तू पडलास तो किती? स्वतःचा वेळ सरासरी ३६ टक्के जास्त सांगितला गेला. पण मनगटावर झरझर बदलणारे आकडे दाखवणारं एक यंत्र बांधलेलं होतं. पडताना काळ खरोखर संथ दिसत असता तर एरवी वाचता न येणारे ते आकडे वाचता आले असते. ते कुणालाच जमलं नाही. म्हणजे डोळ्यांचा वेग तोच राहतो. भीतीच्या क्षणी आठवणी दाट साठतात, आणि मागे वळून बघताना दाट आठवणींचा काळ लांबलचक वाटतो.

मग ती नववीतली पोरगी गाणं कसं म्हणते? तिच्याही रक्तात तेच ॲड्रिनलिन असतं. तिनं त्याला मजा हे नाव दिलेलं असतं, गड्यानं संकट. धडधड दोन्हीकडे तीच. संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं की भाषण किंवा गाण्याआधी 'शांत हो' असं स्वतःला बजावण्यापेक्षा 'मला जाम उत्साह आलाय' असं म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली होते. धावत्या हृदयाला एकदम थांबवणं अवघड, त्याच्या धावण्याचा अर्थ बदलणं त्या मानानं सोपं. पण याला मर्यादा आहे. डेन्मार्कमध्ये भुताच्या घरात शिरलेल्या ११० जणांच्या ठोक्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भीती फार कमी असली तरी मजा कमी आणि फार जास्त असली तरी कमी, मधल्या पट्ट्यात सर्वांत जास्त, असं दिसलं. प्रत्येकाचा पट्टा वेगळा. "चल रे, काय होत नाही" म्हणत रडकुंडीला आलेल्या पोराला ओढून बसवणारे काका-मामा या पट्ट्याच्या पार पलीकडे त्याला ढकलत असतात, आणि तो पुढची दहा वर्षं पाळण्याचं नाव काढत नाही.

ज्याला स्वतःहून बसायचंय पण गोळ्याची धास्ती आहे, त्यानं सुटायच्या वेळी पोटाचे स्नायू आवळून जोरात श्वास सोडून बघावा. आवळलेल्या पोटात अवयवांना सरकायला जागा कमी राहते. ओरडताना हे आपोआपच होतं, तेव्हा ओरडायला लाजू नये. डोळे मिटल्यानं कानातली सॅक्यूल गप्प बसत नाही, उलट सुटण्याची जी काही चाहूल लागली असती तीही जाते. खाली पायांकडे न बघता समोर दूरवर बघावं. हृदयविकार, रक्तदाब, मान-पाठीचं दुखणं, गरोदरपण यांपैकी काही असेल तर मात्र खालीच थांबून चपला राखाव्यात.

राहिला खरा धोका. मोठ्या टॉवरचा ब्रेक बहुतेक चुंबकांचा असतो. कायमचुंबकांच्या मधून तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पाती वेगानं जाऊ लागली की पात्यांत विजेचे भोवरे तयार होतात, आणि त्यांचं चुंबकत्व त्यांना जन्म देणाऱ्या हालचालीलाच विरोध करतं. हा लेन्झचा १८३४ चा नियम. गावची वीज गेली तरी असा ब्रेक चालतो, घासून झिजत नाही, आणि वेग मोठा असताना जोरानं पकडतो. वेग कमी होत गेला की पकडही सैल होते, म्हणून शेवटचे काही फूट खुर्च्या अलगद उतरतात.

पण २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्लँडोत १३१ मीटर उंच टॉवरवर एका चौदा वर्षांच्या मुलाचा जीव गेला, तेव्हा ब्रेक नीट लागला होता. मुलगा आडदांड होता, त्याच्या खुर्चीचा सेन्सर हातानं सैल केलेला होता, त्यामुळे हार्नेस आणि खुर्चीत नेहमीपेक्षा मोठी फट असतानाही यंत्राला सगळं बंद दिसलं. ब्रेक लागला आणि तो त्या फटीतून निसटला. त्याच वर्षी सप्टेंबरात मोहालीच्या मेळ्यात असाच एक पाळणा माणसांसकट खाली आदळला आणि अनेक जण जखमी झाले.

सैल सेन्सर, झिजलेली पिन, दोरखंडातली तुटकी तार यांतलं काहीही कानातल्या स्फटिकांना जाणवत नाही. तिथं भीती उपयोगाची नाही, डोळे उपयोगाचे. जत्रेतल्या पाळण्यावर बसण्याआधी एक फेरी नुसती बघावी. चालवणारा प्रत्येक हार्नेस स्वतः ओढून बघतो का, मोबाईलवर बोलत खटका दाबतो का? खांबाचा पाया पक्क्या जागेवर आहे की ओल्या मातीत फळकुटं घालून उभा केलाय? रिकामा पाळणा एकदा तरी चालवून बघितला का, हे विचारलं तर तो काय उत्तर देतो? बसल्यावर हार्नेस मांडीशी किंवा छातीशी टेकत नसेल, मध्ये मूठ जाईल एवढी फट राहत असेल, तर तिकिटाचे पैसे गेले तरी तिथंच हात वर करून उतरायचं. मागची रांग शिट्ट्या मारेल. मारू दे.