वरच्या अन्नाच्या काळातील बाळाची बद्धकोष्ठता

बाळ साधारण ६ महिन्यांचे झाले की दुधाच्या जोडीने त्याला वरचे अन्न, म्हणजेच पूरक आहार, सुरू केला जातो. या बदलाच्या काळात शी कठीण, कोरडी किंवा खड्यांसारखी होणे आणि ती बाहेर पडताना बाळाला दुखणे, या तक्रारीचा विचार या नोंदीत केला आहे. वैद्यकीय लेखनात तिला बद्धकोष्ठता किंवा मलावरोध म्हणतात. घरात मात्र ‘शीला खडा होतो’ किंवा ‘पोट साफ होत नाही’ असे सांगितले जाते. यांपैकी पहिले वर्णन अधिक नेमके आहे, कारण बद्धकोष्ठता ओळखायची ती शीच्या कठीणपणावरून. मधे किती दिवस गेले, ही गोष्ट दुय्यम आहे. बहुतेक बाळांत या तक्रारीमागे कोणताही रोग नसतो आणि आहारात थोडा फेरफार केल्यावर ती ओसरते.

दिवस मोजून निष्कर्ष का काढू नये, हे बाळाच्या नेहमीच्या शीकडे पाहिल्यावर कळते. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात बाळ दिवसातून सरासरी ४ वेळा शी करते. २ वर्षांच्या सुमारास हे प्रमाण दिवसाला २ वेळांच्याही खाली येते. अन्नाला पचनमार्ग पार करण्यास १ ते ३ महिन्यांच्या बाळात सरासरी साडेआठ तास लागतात, तर ४ महिने ते २ वर्षे या वयात सुमारे १६ तास लागतात. म्हणजे वरचे अन्न सुरू होते त्याच सुमारास आतड्यांची चालही मंदावलेली असते आणि मोठ्या आतड्याला शीतले पाणी शोषून घ्यायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ मिळतो. केवळ अंगावर पिणारे बाळ कधी दिवसातून पाच-सहा वेळा, तर कधी आठवड्यातून एकदाच शी करते; शी मऊ असेल, बाळ नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल, तर यांतले काहीही आजाराचे लक्षण नाही. अन्न सुरू झाल्यावर शीचा रंग गडद होतो, वास उग्र होतो, मटाराची साले किंवा गाजराचे कण जसेच्या तसे दिसतात, बीट खाल्ल्यावर ती लालसर होते. या बदलांनी पालक धास्तावतात, पण तेही स्वाभाविकच आहेत.

ओळख : लंगोट किंवा डायपर उघडल्यावर समोर दिसते त्यावरून बरेच कळते. वाटाण्याएवढे सुटे, कोरडे खडे, जे कापडाला चिकटत नाहीत आणि उचलताना घरंगळतात, ही एक तऱ्हा. पुढचे टोक कठीण व भेगाळलेले आणि त्यामागे मऊ लगदा, ही दुसरी. इथे टोकाचा भाग गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, अडून राहिल्यामुळे तेवढ्याच भागातले पाणी आटलेले असते. अशी शी बाहेर येताना गुदद्वाराच्या नाजूक त्वचेला बारीक चीर पडू शकते आणि शीच्या वरच्या बाजूला ताज्या लाल रक्ताची रेघ दिसते. जठरांत्रविकारांच्या रोम निकषांच्या २०१६ मधील चौथ्या आवृत्तीनुसार, ४ वर्षांपर्यंतच्या मुलात आठवड्यातून २ किंवा त्याहून कमी वेळा शी होणे, ती रोखून धरणे, कठीण किंवा वेदनादायक शी होणे, फार जाड शी होणे आणि गुदाशयात शीचा मोठा गोळा साचलेला असणे, यांपैकी किमान दोन गोष्टी महिनाभर आढळल्यास कार्यात्मक बद्धकोष्ठता, म्हणजे मागे कोणताही रोग नसलेली बद्धकोष्ठता, असे निदान केले जाते. निदानाला नाव मिळण्यासाठी महिना लागत असला, तरी बाळ खड्याने रडत असताना उपाय करण्यासाठी तेवढे थांबण्याचे काहीच कारण नाही.

दोन गोष्टींची बद्धकोष्ठतेशी गल्लत होते. पहिली म्हणजे नुसते कुंथणे. ९ महिन्यांहून लहान बाळ कधी कधी १० मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ लालबुंद होऊन कुंथते, रडते, आणि शेवटी अगदी मऊ शी करते. पोटातून जोर लावताना त्याच क्षणी गुदद्वाराभोवतीचे स्नायू सैल सोडायचे असतात, हा मेळ त्याला अजून जमलेला नसतो. तो आपोआप जमतो आणि त्यासाठी कोणतेही औषध द्यावे लागत नाही. दुसरी गल्लत याच्या नेमकी उलट असते. एकदा दुखलेले बाळ पुढच्या वेळी कळ आली की पाय ताठ करते, मांड्या आवळते, पाठ मागे ताणते. ते जोर करत आहे असे पाहणाऱ्याला वाटते, पण ते शी आत रोखून धरत असते. रोखलेली शी आणखी सुकते, पुढच्या वेळी आणखी दुखते, आणि हे फार काळ चालले तर गुदाशय ताणला जाऊन शी आल्याची जाणीवच बोथट होते. किरकोळ वाटणाऱ्या खड्याकडे वेळेवर लक्ष द्यावे ते याच कारणासाठी.

कारणे : आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. शिवाय त्यात काही जटिल शर्करा असतात. त्या बाळाला पचत नाहीत, मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचून तिथल्या उपयुक्त जिवाणूंचे खाद्य होतात आणि शी मऊ राखतात. पावडरच्या दुधावरच्या बाळाची शी मुळातच थोडी घट्ट असते. पामतेल वापरलेल्या पावडरमधील पामिटिक आम्ल आतड्यात कॅल्शियमशी जोडले जाऊन साबणासारखा न विरघळणारा पदार्थ बनतो, हे त्याचे एक कारण आहे. वरचे अन्न सुरू करताना आधी जे पदार्थ दिले जातात, उदाहरणार्थ पॉलिश केलेल्या तांदळाची पेज, शिजवलेले गाजर, पुरते न पिकलेले केळे, त्यांत तंतू कमी किंवा न पचणारा स्टार्च जास्त असतो. तरीही एकट्या पदार्थावर दोष ठेवणे बरेचदा चुकीचे ठरते. नेहमी आढळणारी चूक अशी, की बाळ आवडीने खाते म्हणून अन्नाचे प्रमाण झपाट्याने वाढवले जाते, त्यामुळे पोट भरून दूध कमी होते आणि कमी झालेल्या दुधातले पाणी कशानेच भरून निघत नाही. ६ ते ८ महिन्यांच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसभरात वरच्या अन्नातून सुमारे २०० किलोकॅलरीच लागतात. ऊर्जेचा दोन तृतीयांश भाग अजूनही दुधातूनच यायचा असतो.

पावडर सांगितल्यापेक्षा घट्ट कालवली गेल्यासही शी कठीण होते. लोहाच्या थेंबांवर मात्र या बाबतीत उगाच ठपका येतो. लोहामुळे शी काळपट-हिरवी होते हे खरे, पण नेहमीच्या मात्रेने बाळांना बद्धकोष्ठता होते याला भक्कम आधार नाही. ६ महिन्यांच्या सुमारास जन्मतः मिळालेला लोहाचा साठा संपत आलेला असतो, म्हणून खड्याच्या भीतीने हे थेंब परस्पर बंद करू नयेत.

आहारातील उपाय : पहिला उपाय म्हणजे दूध पूर्ववत करणे. अन्नाआधी किंवा दोन जेवणांच्या मधे अंगावर पाजावे आणि अन्नाचे प्रमाण काही दिवस बाळाला पेलेल इतकेच ठेवावे. ६ महिन्यांनंतर अन्नासोबत वाटीने किंवा पेल्याने घोट घोट पाणी देता येते; अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने ६ ते १२ महिन्यांसाठी दिवसभरात १२० ते २४० मिली ही मर्यादा सांगितली आहे. त्याहून जास्त पाण्याने दुधाची भूक मरते. पावडरचे दूध पातळ करून पाणी वाढवण्याचा मार्ग तर मुळीच अवलंबू नये, कारण त्याने पोषण घटते आणि रक्तातील सोडियमही धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

शी मऊ करणाऱ्या फळांत सुका आलुबुखार (प्रून) आणि नासपती यांचा अनुभव सर्वांत चांगला आहे. दोन्हींमध्ये सॉर्बिटॉल नावाची शर्करा असते. ती लहान आतड्यात पुरती शोषली जात नाही, पुढे मोठ्या आतड्यात जाते आणि पाणी स्वतःकडे ओढून ठेवते. नासपतीत ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असल्याने तिचाही असाच परिणाम होतो. सुके आलुबुखार देताना चार-पाच फळे बिया काढून गरम पाण्यात तासभर भिजवावीत आणि त्याच पाण्यासकट वाटून गाळून घ्यावीत. पाणी टाकून देणे म्हणजे विरघळलेला सॉर्बिटॉल टाकून देणे होय. हा गर प्रथम एक-दोन लहान चमचेच द्यावा, एक-दोन दिवस परिणाम पाहावा आणि मगच प्रमाण वाढवावे. घाई केल्यास पोटात वायू धरतो आणि शी पातळ होते. पिकलेली नासपती सालीसकट मऊ शिजवून, पीच, शिजवून कुस्करलेले मटार, ओट्सची खीर हेही उपयोगी पडतात. तांदूळ किंवा केळे कायमचे वर्ज्य करण्याची गरज नाही. केळे सालीवर ठिपके येईपर्यंत पिकू द्यावे आणि तांदळाच्या जोडीला डाळ किंवा भाजी घालावी, एवढे पुरते.

फळांचा रस हा वेगळा विषय आहे. एरवी पहिल्या वर्षात रस देऊच नये, असे याच अकादमीने २०१७ मध्ये सांगितले आहे. परंतु बद्धकोष्ठतेत डॉक्टरांच्या सल्ल्याने नासपती, सफरचंद किंवा प्रून यांचा रस दिवसाला ६० ते १२० मिली असा काही दिवस देता येतो. तो औषध समजून द्यावा आणि शी मऊ होताच थांबवावा.

तंतू चांगले म्हणून बाळाच्या अन्नात कोंडा मिसळणे योग्य नाही. १ ते ३ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १९ ग्रॅम तंतू पुरेसे असल्याचे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने ठरवले असले, तरी वर्षाखालील बाळांसाठी तिने असा आकडा दिलेलाच नाही. कोंड्याने इवलेसे पोट लवकर भरते आणि त्यातील फायटेट नावाचा पदार्थ लोह व जस्त यांचे शोषण कमी करतो.

आहाराचा परिणाम दिसेपर्यंत बाळाला थोडा आराम देता येतो. त्याला उताणे झोपवून पाय सायकल चालवल्यासारखे हलवावेत, गुडघे हलकेच पोटाशी आणावेत. कोमट पाण्याच्या अंघोळीने आवळलेले स्नायू सैल होतात. पोट चोळायचे तर मोठ्या आतड्याच्या वाटेने चोळावे : बाळाच्या उजव्या कुशीच्या खालच्या भागापासून वर, तिथून बरगड्यांखालून आडवे, मग डावीकडून खाली, समोरून पाहणाऱ्याला ही घड्याळाच्या काट्यांची दिशा दिसते. पोट भरल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते, त्यामुळे दूध पाजल्यावर थोड्या वेळाने पाय हलवणे सोयीचे. चोळण्यासाठी मात्र पोट फार भरलेले नसावे.

औषधे आणि टाळावयाच्या गोष्टी : आहाराने भागले नाही तर डॉक्टर लॅक्ट्युलोज किंवा ६ महिन्यांपुढे पॉलिएथिलीन ग्लायकॉल देतात. दोन्ही औषधे आतड्यात पाणी धरून ठेवतात. मात्रा वजनावरून ठरते. युरोप व उत्तर अमेरिका येथील बाल-जठरांत्रतज्ज्ञांच्या संस्थांच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार असे औषध किमान २ महिने चालू ठेवावे आणि त्रास थांबून किमान महिना झाल्यावर हळूहळू कमी करावे. सवय लागेल या भीतीने पालक ते दोन दिवसांत बंद करतात आणि खडा परत येतो. वास्तविक या औषधांनी आतडी आळशी होत नाहीत. ग्लिसरिनची बत्ती एखाद्या वेळी अडलेला खडा सोडवण्यापुरती ठीक आहे. साबणाचा तुकडा, तापमापी किंवा बोट घालून शी करवण्याचा प्रघात मात्र टाळावा. त्याने त्वचेला इजा होते आणि बाळ आपणहून शी करायला शिकत नाही. रेचक म्हणून पाजलेले खनिज तेल (लिक्विड पॅराफिन) श्वासमार्गात गेल्यास फुप्फुसाचा गंभीर दाह होतो, आणि २ वर्षांखालील मुलांत फॉस्फेटच्या एनिमाने रक्तातील कॅल्शियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते. एरंडेलाने पोटात मुरडा येतो व जुलाब होतात.

मधाचा उल्लेख स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. सौम्य रेचक समजून तो चाटवला जातो, परंतु त्यात क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पाडतात. १९७६ मध्ये प्रथम ओळखल्या गेलेल्या या आजाराचे सुरुवातीचे लक्षण बहुधा बद्धकोष्ठता हेच असते. म्हणून शी अडण्याबरोबरच बाळाचे रडणे क्षीण झाले, पापण्या जड झाल्या, दूध ओढण्याची ताकद गेली किंवा मान पडू लागली, तर तासाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

हिरवी उलटी, फुगून टणक झालेले पोट, शीत रक्ताच्या एखाद्या रेघेहून जास्त रक्त, ताप, वजन न वाढणे, पायांतील अशक्तपणा किंवा माकडहाडाजवळ खळगी ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय थांबवून तपासणी करून घ्यावी. अवटू (थायरॉइड) ग्रंथीची मंदता आणि गायीच्या दुधातील प्रथिनाची ॲलर्जी ही बद्धकोष्ठतेची कमी आढळणारी कारणेही अशाच तपासणीतून पुढे येतात. जन्मानंतर पहिली काळी शी व्हायला ४८ तासांहून जास्त वेळ लागला होता का, किंवा पहिल्या महिन्यापासूनच शी अडत होती का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तसे असल्यास हिर्शस्प्रुंग रोगाची शंका घेतली जाते. डॅनिश बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये वर्णन केलेल्या या जन्मजात विकारात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात, त्यामुळे तो भाग सैल पडत नाही आणि शी त्याच्या अलीकडेच तुंबते. सुमारे ५,००० जन्मांमागे एका बाळात हा विकार आढळतो. गुदाशयाच्या अस्तराचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान पक्के होते आणि चेतापेशी नसलेला भाग शस्त्रक्रियेने काढून टाकला जातो.