थंड इंजिनाची साक्ष

जुनी, लहान डिझेल गाडी बघायला गेल्यावर विक्रेत्याने ती आधीच सुरू करून ठेवलेली असेल, तर तिची पारख दुसऱ्या दिवशी पहाटेवर ढकलावी. बेळगावजवळच्या खानापूरकडची थंडी असेल तर उत्तमच. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबली की तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर दाब निसटतो, धातू गार असेल तर उष्णता शोषली जाते, आणि ही उणीव भरून काढणारा, विजेवर तापणारा हीटर प्लग निकामी असेल तर स्टार्टर बराच वेळ नुसता इंजिन फिरवत राहतो, गाडी सुरू होत नाही. एकदा तापलेले इंजिन यातले बरेचसे दोष झाकून ठेवते.

सुरू होताच धूर पाहावा. न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर उग्र वासाचा असतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधील सीलचा, संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर मात्र सर्वांत फसवा असतो, कारण हवा कमी पडणे किंवा इंधन जास्त जाणे, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते: तुंबलेला एअर फिल्टर, टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) फाटलेला होजपाइप, इंधन फवारणारा इंजेक्टर गळका असणे. त्यामुळे धूर दिसताच इंजेक्टर बदलायला निघू नये. आधी स्वस्त गोष्टी तपासाव्यात.

बेळगाव शहरातल्या शहरात, टिळकवाडी ते शहापूर एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे इंजिन पुरेसे तापत नाही आणि ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) काजळी साचत जाते. म्हणून मीटरवर किलोमीटर कमी असणे हा नेहमी गुणच असतो, असे मला वाटत नाही. निपाणी-कोल्हापूर हमरस्त्यावर नियमित धावलेली गाडी कित्येकदा अधिक निरोगी निघते.

पावसाळ्यात डिझेल फिल्टरमधील पाणी वेळेवर काढावे लागते. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच सामायिक नळीतून इंधन पुरवणाऱ्या इंजिनात, इंधनाचा दाब १,६०० बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) किंवा त्याहूनही वर जातो आणि तिथे डिझेलच वंगणाचेही काम करते, त्यामुळे पाण्याने आलेला थोडासा गंजही पंपाला महागात पडतो. चोर्ला घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे, म्हणजे टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगांना ऑइल मिळत राहते.