व्यवस्थापनाची पदवी म्हणजे मॅनेजरची खुर्ची नव्हे

व्यवस्थापनाची पदवी हाती पडली की थेट मॅनेजरची खुर्ची मिळते, हा समज अनेक वर्षे टिकून आहे आणि तो विद्यार्थ्यांचे खरोखर नुकसान करतो. १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हॉर्टन स्कूल सुरू झाले आणि १९०८ मध्ये हार्वर्डने एमबीए हा अभ्यासक्रम आणला, तेव्हापासून या शिक्षणात हिशेब, अर्थशास्त्र आणि कायदा यांना महत्त्वाचे स्थान राहिले आहे. माणसांवर हुकमत गाजवण्याचे तंत्र नव्हे, तर धंद्याचे व्यवहार समजून घेणे तिथे शिकवले जाते. उदाहरणार्थ, नफ्यात असलेली कंपनीही ग्राहकांकडील उधारी वेळेवर वसूल न झाल्यास पगार देताना अडचणीत येऊ शकते, कारण वहीतला नफा आणि हातातली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक आकड्यांत ओळखता येणे हेच माझ्या मते या पदवीचे खरे देणे आहे.

म्हणूनच पदवीनंतरची पहिली नोकरी बहुधा प्रशिक्षणार्थी, विश्लेषक किंवा विक्री प्रतिनिधी अशी असते. मनुष्यबळ, लेखापरीक्षण, पुरवठा साखळी, विपणन, रुग्णालयांचे किंवा स्वयंसेवी संस्थांचे प्रशासन, असे रस्ते तिथून फुटतात, आणि इतरांच्या कामाची जबाबदारी सहसा प्रत्यक्ष अनुभवानंतरच सोपवली जाते.