डीव्हा प्लावालागुनाचं गाणं माणसाला गाता येतं का? या वादाची पार्श्वभूमी

'द फिफ्थ एलिमेंट' हा सिनेमा १९९७ ला आला, पण त्यातल्या एका गाण्यावरून वाद अजून चालूच आहे. प्लावालागुना नावाची ती निळी, उंच, परग्रहावरची गायिका स्टेजवर येते, आधी अगदी शांतपणे ऑपेरा गाते आणि मग एकदम बीट सुरू होतो आणि तिचा गळा खालून वर वरून खाली अशा उड्या मारायला लागतो की ऐकणारा म्हणतो हे शक्यच नाही. मग कोणीतरी ते लाइव्ह गाऊन दाखवतं, निम्मे लोक म्हणतात "बघा जमलं की", उरलेले म्हणतात "छे, हे ते नव्हेच". माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, कारण वाद नक्की कशाचा हेच धड ठरलेलं नाही.

पडद्यावर दिसते ती अभिनेत्री मायवेन, आवाज मात्र अल्बानियाच्या सोप्रानो (बायकांमधला सगळ्यात उंच आवाज) इन्व्हा मूलाचा. दिग्दर्शक ल्युक बेसाँला आधी प्रसिद्ध ऑपेरा गायिका मारिया कॅलासचं जुनं रेकॉर्डिंग वापरायचं होतं, पण त्याचा साउंड सिनेमाला पुरेसा चांगला नव्हता, म्हणून कॅलासचं काम बघणाऱ्या मिशेल ग्लोट्झने मूलाचं नाव सुचवलं. ती काही नवखी नव्हती, १९९३ ला ऑपेरा गायक प्लासिदो डोमिंगोची ऑपेरालिया ही गाण्याची स्पर्धा जिंकलेली.

गाण्याचा पहिला भाग दोनिझेत्तीच्या 'लुचिया दी लामेरमूर' मधला आहे, १८३५ ला नेपल्समध्ये पहिल्यांदा झालेला ऑपेरा. लुचियाने लग्नाच्याच रात्री नवऱ्याला मारलंय, तिचं भान सुटलंय आणि ती मनातल्या मनात आपल्या प्रियकराशी लग्न लावतेय, तो हा प्रवेश. यात गंमत अशी की दोनिझेत्तीने तिच्या आवाजासोबत आधी ग्लास हार्मोनिका योजली होती, म्हणजे फिरत्या काचेच्या वाट्यांवर ओली बोटं टेकवून वाजवायचं वाद्य, ऐकायला जरा भुताटकीचंच. नंतर तिथे बासरी आली. आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोप्रानो नेली मेल्बाच्या काळात तर गायिका आणि बासरी यांची लांबलचक जुगलबंदीच त्यात घुसली, बासरी जे वाजवेल ते गळ्याने काढून दाखवायचं. म्हणजे माणसाच्या गळ्याला वाद्याशी भिडवायचा खेळ या प्रवेशात आधीपासूनच होता, कम्प्युटर फार उशिरा आला.

दुसरा, नाचाचा भाग संगीतकार एरिक सेराचा. किस्सा असा सांगतात की नोटेशन बघून मूला हसली आणि म्हणाली, यातले काही स्वर इतक्या वेगात बदलणं माणसाला जमणारं नाही. मग जिथे अडलं तिथे तिने स्वर एकेक सुटे गायले आणि सेराने ते सॅम्पल करून, म्हणजे रेकॉर्डिंगचे सुटे तुकडे करून, कम्प्युटरवर जोडले. सेराने नंतर एका मुलाखतीत सांगितलंय की त्याने मुद्दामच न गाता येण्यासारखं लिहिलं होतं, परग्रहावरची बाई आहे म्हणून, आणि तरी त्याला अशक्य वाटलेल्यातलं जवळपास ८५ टक्के ती गायली. हे वादात कोणी सांगतच नाही! अख्खं गाणं मशीनचं नाहीये, आणि जे मशीनचं आहे तेही तिच्याच गळ्यातून निघालेल्या स्वरांचं बनलंय.

मग अडतं कुठे? स्वराच्या उंचीवर तर नाही. मोझार्टने १७९१ लाच 'मॅजिक फ्लूट' ऑपेरातल्या रात्रीच्या राणीला याहून काही सोपं दिलं नव्हतं आणि ते आजही जगभर गातातच. अडतं ते स्वरांच्या सांध्यात. स्वर बदलायचा म्हणजे स्वरतंतूंचा ताण बदलायचा, ते काम स्नायूंचं, त्याला वेळ लागतो, उडी जितकी मोठी तितका जास्त, आणि मधल्या वाटेवर थोडी घसर राहतेच. आपल्याकडे छूट तान, म्हणजे लांबच्या स्वरांवर उड्या मारणारी तान, घेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. त्यात ऑपेराच्या आवाजाला कंप असतो, सेकंदाला साधारण ५ ते ७ वेळा, आणि एका स्वराला सेकंदाचा आठवा भागच मिळाला तर कंपाची एक लाटही पुरी होत नाही. सॅम्पलला यातलं काहीच बंधन नाही, प्रत्येक स्वर कापून जागेवर ठेवलेला, मधली घसर गायब. आपल्या कानाला "हा माणूस नाही" असं वाटतं ते बहुतेक यामुळेच.

हे तेव्हा अगदीच नवीन होतं असंही नाही. १९९४ च्या 'फारिनेल्ली' सिनेमासाठी पॅरिसच्या इरकॅम संस्थेत काउंटरटेनर (बायकांच्या पट्टीत गाणारा पुरुष) डेरेक ली रॅगिन आणि सोप्रानो एव्हा मालास-गोदलेव्स्का या दोघांचे आवाज कम्प्युटरवर मिसळून कास्त्रातोचा, म्हणजे लहानपणीच खच्ची केल्यामुळे आवाज न फुटलेल्या पुरुष गायकाचा, एक आवाज तयार केला होता, कारण तसा गळा आता कुणाकडेच नाही, शेवटच्या कास्त्रातोंपैकी एक अलेस्सान्द्रो मोरेस्की, त्याची १९०२ आणि १९०४ ची खरखरीत रेकॉर्डिंग्ज तेवढी उरलीत. फरक इतकाच की तिथे जोड लपवायचा होता, सेराला मात्र माणसाला न जमणारंच ऐकवायचं होतं. बेसूर स्वर सुरात आणणारं ऑटो-ट्यून सॉफ्टवेअरही १९९७ चंच, पण त्याचा या गाण्याशी काही संबंध नाही, उगाच जोडतात.

पुढे चीनची चांग लियांगयिंग, २०१७ ला तिथल्याच टीव्हीवर कझाकस्तानचा दिमाश, असे बरेच जण हे गायले. दिमाश तर पुरुष, म्हणजे वादाला अजून फोडणी. लाइव्ह गाताना साधारणपणे गायक स्वर जोडून घेतात, अवघड उड्या थोड्या वळवतात, कुठे लय सैल सोडतात आणि त्यात काही गैर नाही, कुठलाही गायक तेच करेल. पण मग तुलना कशाशी करायची? सिनेमातलं ते गाणं मूलानेसुद्धा एका दमात कधी गायलेलं नाही.