‘डिडन्ट वेंट’ आणि ‘गेला नाही’

‘ही डिडन्ट वेंट’ लिहून वहीत तांबडी काट खाल्ली नाही, असा मराठी माध्यमातला विद्यार्थी शोधून सापडायचा नाही. बाई ‘वेंट’ खोडून ‘गो’ लिहितात आणि नियम सांगतात: ‘डिड’ आलं की पुढे क्रियापदाचं मूळ रूप. नियम सगळ्यांचा पाठ होतो. तो असा का, हे सहसा कुणी विचारत नाही.

‘आय डू माय होमवर्क’मधला ‘डू’ म्हणजे करणे, त्यात गूढ काही नाही. गूढ आहे ते ‘डू यू नो हिम?’मध्ये. ‘तू त्याला ओळखतोस का?’ यात कुणी काही ‘करत’ नाही. ‘कॅन’ काढला तर शक्यता जाते, ‘विल’ काढला तर भविष्यकाळ जातो. हा ‘डू’ काढला तर अर्थातलं काहीच जात नाही, फक्त वाक्य मोडतं. इंग्रजीच्या जवळच्या नात्यातली जर्मन हाच प्रश्न ‘केनेन झी इन?’ असा विचारते. क्रियापद उचलून पुढे आणलं की झाला प्रश्न.

मग हा अर्थ नसलेला ‘डू’ तिथे करतो काय? हमाली. ‘ही गोज’ या वाक्यात शेवटचा ‘ज’ सांगतो की कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी आहे आणि काळ वर्तमान आहे. आता नकार करायचा, म्हणजे मध्ये ‘नॉट’ येणार. आजच्या इंग्रजीत मुख्य क्रियापद ‘नॉट’ ओलांडून पुढे येऊ शकत नाही, आणि प्रत्ययाला तर कुणाच्या तरी खांद्यावर बसायलाच हवं. म्हणून एक रिकामा खांदा आणला जातो. ‘गोज’चा ‘ज’ उडी मारून त्यावर बसतो आणि ‘डझ’ तयार होतो. ‘गो’ मागे मोकळा राहतो. भूतकाळातही हेच. काळ एकदा ‘डिड’वर चढला की ‘वेंट’ला काम उरत नाही.

हे परकं वाटत असेल तर मराठीकडे जरा निरखून बघा. ‘तू जातोस, ती जाते, ते जातात.’ आता नकार: ‘तू जात नाहीस, ती जात नाही, ते जात नाहीत.’ क्रियापद सगळीकडे नुसतं ‘जात’. पुरुष आणि वचन दाखवायचं काम ‘नाही’कडे गेलं. ‘तो जातो’ आणि ‘ती जाते’ यांतला लिंगभेदही नकारात पुसला गेला. ‘नाही’ हे आपलं ‘डझन्ट’ आहे म्हणा ना!

पण भूतकाळात मराठी वेगळी वागते. ‘तो गेला नाही, ती गेली नाही, ते गेले नाहीत.’ इथे ‘गेला’ आपला भूतकाळ सोडत नाही, उलट ‘गेले नाहीत’मध्ये तर वचन दोन्हीकडे दिसतं. या घरात वाढलेल्या मुलाने ‘डिडन्ट’च्या पुढे ‘वेंट’ ठेवला, तर मला तो निष्काळजीपणा वाटत नाही. तो मराठीतून शिकलेला हिशेब आहे.

सगळं मराठीवर ढकलता मात्र येत नाही, कारण वर्तमानकाळात मराठी क्रियापद मोकळं सोडते, तरी ‘डझन्ट गोज’ लिहिणारेही असतातच. शिवाय इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती चिमुरडी मुलंसुद्धा ‘आय डिडन्ट ब्रोक इट’ म्हणतात. एडवर्ड क्लायमा आणि अर्सुला बेलुगी यांनी १९६६ साली इंग्रजी बोलायला शिकणाऱ्या मुलांच्या नकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं आधी नुसता ‘नो’ लावतात. पुढे ‘डोन्ट’ येतो, पण सुट्टा ‘डू’ तेव्हा त्यांच्या बोलण्यात नसतोच. म्हणजे त्यांच्या लेखी ‘डोन्ट’ हा एक अख्खा नकाराचा शब्द. तो ‘डू’ आणि ‘नॉट’ मिळून झालाय, हे नंतर उमगतं.

गंमत म्हणजे इंग्रजीला स्वतःलाही हा ‘डू’ फार उशिरा मिळाला. शेक्सपिअरच्या काळी ‘आय नो नॉट’ आणि ‘आय डू नॉट नो’ ही दोन्ही रूपं चालत. हा बदल कसा झाला ते स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ आल्वार एलेगोर्ड यांनी जुन्या ग्रंथांतली हजारो वाक्यं मोजून १९५३ मध्ये मांडलं. त्यांच्या मते मूळ प्रयोजक क्रियापदात आहे. जुन्या इंग्रजीत ‘डू’चा एक अर्थ ‘करवणे’ असा होता. राजाने किल्ला ‘डिड बिल्ड’ म्हणजे बांधवून घेतला. कुणाकडून, ते सांगितलेलं नसायचं. आपणही ‘शहाजहानने ताजमहाल बांधला’ असंच म्हणतो, त्याने हातात थापी धरली असं कुणी समजत नाही. ‘बांधवला’ आणि ‘बांधला’ यांतला फरक असा पुसट झाला की ‘डिड बिल्ड’चा अर्थ सरळ ‘बांधला’ होतो, आणि ‘डिड’ रिकामा होतो. हा रिकामा ‘डू’ आधी पद्यात रुळला, तिथे वृत्त-यमक सांभाळायला तो सोयीचा होता. वेल्श आणि कॉर्निश बोलणाऱ्यांच्या सहवासातून तो आला असाही एक पक्ष आहे. त्यावर वाद चालू आहे.

पुढे १९८९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ अँथनी क्रोक यांनी एलेगोर्ड यांचेच आकडे पुन्हा तपासले. ‘डू’चं प्रमाण प्रश्नांत जास्त, साध्या नकारात कमी होतं, पण वाढीचा वेग दोन्हीकडे सारखाच निघाला. म्हणजे दिसायला बदल अनेक असले तरी आतून व्याकरणाचा एकच सांधा सरकत होता. ‘नो’ (जाणणे) आणि ‘केअर’सारखी काही क्रियापदं मात्र बराच काळ अडून बसली.

होकारार्थी वाक्यांतला बिनकामाचा ‘डू’ नंतर मागे पडला. उरला तो जोर देण्यापुरता आणि कायद्याच्या भाषेत. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी उद्देशिकेत ‘डू हिअरबाय अ‍ॅडॉप्ट’ आहे. मंत्र्यांच्या इंग्रजी शपथेतही ‘डू स्वेअर’ आहेच.

आता थोडं मागे, फार मागे. ‘डू’चं मूळ इंडो-युरोपीय, म्हणजे इंग्रजी आणि संस्कृत दोन्हींच्या पूर्वज भाषेतलं आहे आणि त्याचा अर्थ ‘ठेवणे’. संस्कृतात तोच धातू ‘धा’: विधान, निधी, श्रद्धा सगळे त्याचेच. ‘हित’ हे त्याचंच कृदंत, म्हणून इंग्रजी ‘डीड’ (कृत्य) आणि आपलं ‘हित’ हे भाऊबंद. अंगावर कपडे चढवणे या अर्थाचा ‘डॉन’ हा शब्द ‘डू ऑन’पासून आला, त्यात हे ‘ठेवणं’ अजून जिवंत आहे.

याच ‘डू’ने आणखी एक काम केलं असावं. ‘प्लेड’, ‘लव्हड’ यांच्या शेवटचा ‘ड’ म्हणजे क्रियापदाला चिकटलेला जुना ‘डिड’च, असं बरेच अभ्यासक मानतात. इंग्रजीची चुलत बहीण गॉथिक हिच्यात ‘आम्ही लेप लावला’ याचं रूप ‘साल्बोदेदुम’ असं होतं, त्यात ‘देदुम’ लख्ख दिसतो. संस्कृतातही ‘कथयांचकार’ असतं, क्रियापदामागे चक्क ‘चकार’ जोडलेला, ‘सांगणं केलं’ अशा धर्तीचा.

तेव्हा ‘डिडन्ट प्लेड’ लिहिणाऱ्या मुलाने बहुधा ‘डिड’ दोनदा लिहिलेला असतो, एकदा उघड आणि एकदा शेपटीत.